दुसऱ्या कुठल्या नावाने?

२ सप्टेंबर, मंगळवार

चारच जण आलो. वर्ग वाचनालयाच्या मागच्या खोलीत, फाटलेली पुस्तकं जिथे चिकटवायला ठेवतात तिथे. खळीचा वास. चार संगणक, त्यातला एक बंद. म्हणून मी आणि घड्याळवाले एकाच पडद्यासमोर. घड्याळवाले म्हणजे कोपऱ्यावर घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं ते. दुकान बंद झालं, नाव राहिलं.

शिकवणारी मुलगी असेल सव्वीस-सत्तावीसची. आम्ही तिला मॅडम म्हणायचं, ती आम्हाला काका-काकू. विषय – इंटरनेटवर नीट कसं शोधायचं. "काकू, तुम्ही आधी कधी काही शोधलंय का?"

म्हटलं, एकोणतीस वर्षं.

तिला वाटलं गंमत करतेय. मग सांगितलं. टेलिफोन ऑफिसात चौकशीच्या टेबलावर होते. लोक फोन करून नाव सांगायचे, मी नंबर शोधून द्यायचे. दिवसाला चारशे, कधी साडेचारशे. तिने डिरेक्टरी पाहिलेलीच नाही! घड्याळवाल्यांनी बोटांनी जाडी दाखवली तर म्हणाली, "एवढी? आणि वर्षभर तीच?"

वर्गाला का गेले ते आज लिहीत नाही.

३ सप्टेंबर

लिहिते. वही कोणी वाचणार नाही.

समितीचं पत्र येऊन आठवडा झाला. लाँच उलटली त्याला १९ ऑक्टोबरला वर्ष होईल. धक्क्यावर फलक लावणार आहेत. सात जण गेले, सात नावं. प्रत्येक घराने ३० सप्टेंबरपर्यंत फॉर्म भरून द्यायचा – पूर्ण नाव, एक फोटो, आणि "दिवंगत व्यक्तीविषयी दोन ओळी".

जावयांनी पत्र माझ्या ताटाशेजारी ठेवलं. "आई, ओळी तुम्ही लिहाल का? मला नाही जमायचं."

मुलगी माझी. चौतीस वर्षं माझी. दोन ओळी काय, दोन वह्या भरायला हव्यात. बसले. अर्धा तास पेन हातात. काहीच आठवेना. लाँच आठवते. फोन वाजला तो आठवतो. हॉस्पिटलचा जिना, त्याची तुटलेली पायरी. त्याच्या आधीचं काही म्हणता काही नाही. जणू दाराला आतून कडी.

रडूही येत नाही. साडेदहा महिन्यांत एकदाही नाही. लोक म्हणतात, धीराची बाई. कसला धीर! बधिर आहे. दाढ काढायच्या आधी सुई देतात ना, तसं. गाल आहे हे माहीत असतं, एवढंच.

म्हणून ठरवलं – मला आठवत नाही तर बाहेर शोधू. चौतीस वर्षं एक माणूस जगलं. कुठेतरी लिहिलेलं असेलच.

तिचं नाव मात्र या वहीत लिहायचं नाही. नाव लिहिलं की मागोमाग लाँच येते.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आजचा धडा – कमी शब्द. यंत्राला पत्र लिहायचं नाही, कामाचे शब्द तेवढे द्यायचे.

घड्याळवाल्यांनी पत्रच लिहिलं होतं. "माझ्याकडे एक जुने भिंतीवरचे घड्याळ असून त्याची मुख्य स्प्रिंग तुटली आहे तरी ती कोठे मिळेल". मॅडमनी पुसत पुसत तीन शब्द ठेवले. काका हिरमुसले. म्हणाले, "एवढं तोडून बोलायचं म्हणजे भांडण झाल्यासारखं वाटतं."

मला हे शिकवायला नको. ऑफिसातल्या आमच्या मोठ्या बाई पहिल्या दिवशी सांगायच्या – आधी आडनाव, मग नाव, मग गल्ली. समोरचा कितीही पाल्हाळ लावो, तुम्ही तीनच गोष्टी टिपा. आणि सापडलं नाही तर "नाही" म्हणायचं नाही. माणूस नाही असं कसं म्हणणार? म्हणायचं, "या नावाने आमच्याकडे नोंद नाही." आणि फोन ठेवायच्या आधी एकदा विचारायचंच – "दुसऱ्या कुठल्या नावाने नोंद असेल का?" हे विचारलं नाही तर बाई पाठीमागे उभ्याच.

घरी आल्यावर तिच्या टेबलावर बसले. संगणक तिचा. शेजारी चष्मे पुसायचं पिवळं फडकं अजून तसंच. ती चष्म्याच्या दुकानात नजर तपासायची. त्या दिवशी पलीकडच्या काठावर तपासणीचं शिबिर होतं.

आडनाव, नाव. टाकलं.

पहिल्या ओळीत मृतांची यादी. दुसऱ्या ओळीत उलटलेली लाँच. तिसऱ्या, चौथ्या – लाँच, लाँच. पुढचं पान, त्याच्या पुढचं. अकरा पानं बघितली. चहा निवला.

७ सप्टेंबर

रविवार. जावयांनी सहा शर्टांना इस्त्री केली. औषधांच्या गोदामात कामाला आहेत. दिवसभरात आमचं बोलणं – "आई, पाणी येऊन गेलं." "बरं." "दार ओढून घेतो." "बरं."

वाईट माणूस नाही. पण तिच्याविषयी एक अक्षर नाही. फोटो नाही, आठवण नाही, पत्र आलं तर माझ्या ताटाशेजारी सारून मोकळे! माणूस आहे की लाकूड.

मी तरी कोण बोलणारी. गुडघ्याच्या ऑपरेशनला आले होते, सहा आठवड्यांसाठी. दोन वर्षं झाली. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. मुलगी होती तोवर मुलीचं घर होतं. आता जावयाचं. फॉर्म दिला की जायचं बघावं. ते बोलणार नाहीत, आपणच उठावं.

९ सप्टेंबर, मंगळवार

अवतरणचिन्हं. शब्द त्यांच्या आत घातले की तेच शब्द, त्याच क्रमाने शोधले जातात. इकडचा तिकडे नाही. मॅडमनी फळ्यावर मोठी काढून दाखवली. घड्याळवाले म्हणाले, "म्हणजे काचेच्या पेटीत ठेवल्यासारखं."

घरी करून बघितलं. आडनाव नाव, काचेच्या पेटीत.

एकच गोष्ट उरली. मृतांची यादी. बरोबरच आहे म्हणा! आडनाव आधी घालून माणसाला कोण हाक मारतं? याद्याच.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

वजाचं चिन्ह! नको असलेल्या शब्दाच्या आधी छोटी आडवी रेघ द्यायची. तो शब्द ज्या पानावर आहे ते पान गाळलं जातं. मॅडम म्हणाल्या, "समजा तुम्हाला सफरचंद हवंय, पण त्याचा रस नको." सगळ्यांनी सफरचंदातून रस वजा केला. मी माझ्या वहीत फक्त रेघ काढली आणि तिच्याकडे बघत बसले.

कोणीतरी हे आधी सांगायला हवं होतं.

घरी. तिचं नाव, पुढे रेघ, पुढे "अपघात". सगळा अपघातच आला! आधी होता त्यापेक्षा जास्त! कितीदा बघितलं. मग कळलं – रेघ आणि शब्द यांच्यात मी एक घर मोकळं सोडलं होतं. सोडायचं नसतं. सोडलं की वजा होत नाही, उलट यंत्राला वाटतं तेच मागतेय.

१३ सप्टेंबर

आज नीट केलं.

नुसतं नाव – अकराशे चाळीस पानं. अपघात वजा – चारशे बारा. लाँच वजा – दोनशे. बुडून वजा. मृत वजा. शोककळा वजा, हा शब्द पेपरवाल्यांशिवाय कोणी वापरत नाही. श्रद्धांजली वजा. धक्का वजा. एकोणतीस पानं राहिली, त्यात "चौकशी समितीचा अहवाल". चौकशी वजा! एकोणतीस वर्षांची नोकरी एका रेघेत गेली.

उरली तीन. एक त्याच नावाची कोणी दुसरी, कुठल्याशा बँकेत. दुसऱ्या पानावर त्याच सात नावांची नुसती यादी, एकही शब्द नसलेली, म्हणून माझ्या रेघांतून निसटलेली. तिसरं उघडलंच नाही, कोरं.

बँक वजा. यादीतल्या बाकीच्या सहा जणांपैकी एकाचं नाव वजा केलं, त्याबरोबर कोरं पानही गेलं.

"आपल्या शोधाशी जुळणारे काहीही सापडले नाही."

या ओळीकडे बराच वेळ बघत होते. तिच्यातून अपघात काढला तर काहीच उरत नाही. मोठ्या बाई असत्या तर यंत्राला ओरडल्या असत्या – काहीही सापडले नाही असं म्हणायचं नसतं!

मला काय वाटलं? काही नाही. लिहून ठेवते. काही वाटलं नाही.

१४ सप्टेंबर

काही नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

वर्गाला गेले नाही. गुडघा.

खोटं. गुडघ्याला काही झालेलं नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

घड्याळवाले दारात येऊन उभे. "ताई, तुम्ही नाही आलात तर पडदा मला एकट्याला मिळतो. मला सवय नाही." गेले.

आज दोन गोष्टी. एक, तारखेची चाळणी – अमुक तारखेच्या आधीचंच दाखव असं सांगता येतं. लाँचच्या आधीची तारीख मी तिथल्या तिथे घालून बघितली. काही नाही. दुसरी गोष्ट – सगळं जग न धुंडाळता एकाच जागेत शोधायचं. "तुमची वस्तू कुठल्या खोलीत आहे हे माहीत असेल तर घरभर कशाला फिरायचं?" मॅडम शहाणी आहे.

घरी आल्यावर तिच्या चष्म्याच्या दुकानाचं पान तेवढं शोधलं. नाव नाही टाकलं. "नजर तपासणाऱ्या" एवढेच दोन शब्द.

गिऱ्हाइकांचे अभिप्राय आले. बहुतेक "छान", "उत्तम". खाली एकाची तक्रार. तीन वर्षांपूर्वीची. पाचपैकी एक तारा. तशीच उतरवून घेते:

"वीस मिनिटे सांगितली, पाऊण तास लागला. नजर तपासणाऱ्या बाईंना गप्पा फार. माझी आई कुठल्या नंबरचा चष्मा लावते, दिवा कुठल्या बाजूला ठेवून वाचते, तिला शेवटचे डॉक्टरकडे कधी नेले, हे मला कशाला विचारायचे? तपासणी माझी होती. चष्मा मात्र बरोबर आहे."

बाईंचं नाव नाही. कशाला हवं!

पाच वेळा वाचलं. माझा गाल जरा हलला. हसू होतं बहुतेक. माझ्याशी फोनवर बोलायची तेव्हाही असंच – आई, दिवा डावीकडे ठेव! मी म्हणायचे, अगं लाइन मोकळी कर. घरच्या फोनला. सवयच होती.

हे आठवलं! लाँचच्या आधीचं. एकच, पण आठवलं.

२० सप्टेंबर

जावयांना वाचून दाखवलं. ते उभ्यानेच अंडं खात होते. "दिवा कुठल्या बाजूला" इथवर आले, तर ते म्हणाले, "चष्मा मात्र बरोबर आहे."

म्हटलं, तुम्हाला पाठ कसं?

"पुढच्या महिन्यात तो गृहस्थ आईला घेऊन आला होता," म्हणाले. "त्या म्हातारीने येताना तिच्यासाठी मोजे विणून आणले होते. हिरवे. बोटं मोठी झाली होती." आणि ताटली धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू होता.

ते हिरवे मोजे! खालच्या कपाटात आहेत. मला वाटायचं, कोणी आणले असतील असले.

आज इतकं बोलणं झालं. महिन्याचं एका दिवसात.

२३ सप्टेंबर, मंगळवार

आजचा धडा चित्रं शोधण्याचा. माझं लक्ष नव्हतं. आठवडा उरला. दोन ओळी नाहीत.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

शेवटचा वर्ग. पानभर लिहायचंय, हात सावकाश चालतोय.

घड्याळवाल्यांची स्प्रिंग महिनाभर सापडली नव्हती. अवतरणचिन्हं झाली, वजा झालं, तारखा झाल्या. घड्याळाच्या तबकडीवर कंपनीचं नाव आहे, ते टाकलं की फक्त त्या नावाचे पंखे येतात. आज ते म्हणाले, "जाऊ दे, बंद घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर असतं." मॅडमना वाईट वाटलं. मी काही विचार न करता म्हटलं, तोंडातून आपोआप आलं, चारशे वेळा रोज यायचं तसं –

"दुसऱ्या कुठल्या नावाने नोंद असेल का?"

काका थांबले. म्हणाले, "असेल की! आतलं यंत्र या कंपनीचं नाहीच. हे लोक दुसऱ्याकडून यंत्र आणायचे आणि तबकडीवर आपलं नाव घालायचे." पाठीमागचं झाकण त्यांच्या डोळ्यांसमोर होतं, त्यावर काय कोरलंय ते सांगितलं. मॅडमनी टाकलं. दोन मिनिटांत स्प्रिंग! तीन ठिकाणी! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, तुम्ही हे पहिल्या दिवशी का नाही विचारलंत?"

वाचनालयाच्या पायऱ्या उतरताना पाय थांबले.

का नाही विचारलं. एकोणतीस वर्षं परक्यांना विचारलं. स्वतःला नाही.

डिरेक्टरीत बाई नवऱ्याच्या आडनावाखाली. लग्न झालं की जुन्या पानावरून नवीन पानावर. हे माझ्या बोटांतच आहे. तिचं लग्न झालं आणि मी मनातल्या मनात तिला नवीन पानावर नेऊन ठेवलं. पार्सलांवर तेच लिहायचे. आणि ती – आता ऐकू आलं, पायरीवरच, तिचा आवाज, जसाच्या तसा! – "आई, तू पार्सलं कोणाला पाठवतेस गं? या बाईला मी ओळखत नाही!" हसत होती. मला वाटलं चेष्टा. माझी पार्सलं काही थांबली नाहीत.

घरी आले. चपलाही काढल्या नाहीत. तिचं नाव टाकलं. पुढे माझं आडनाव.

तिचे वडील गेले तेव्हा ती नऊ वर्षांची. मग ते आडनाव आम्हा दोघींचंच होतं. तिने ते कधी सोडलंच नव्हतं.

तीनशे सहा पानं.

लाँच नाही. वजाची एकही रेघ नाही, आणि लाँच नाही. पहिल्या पानावर नाही, दुसऱ्या नाही, शेवटच्या नाही. सायकलवाल्यांच्या मंडळात तिचं नाव आहे. पोत्यात पाय घालून पळण्याच्या शर्यतीत पाचवी आली – पाचवी! आणि फोटोत हसतेय पहिली आल्यासारखी. बसथांब्यावरच्या पाट्यांची अक्षरं म्हाताऱ्यांना दिसत नाहीत म्हणून पेपरला लिहिलेलं पत्र. आणि डोळ्यांविषयी लोक प्रश्न विचारतात अशी एक जागा आहे, तिथे तिची उत्तरं. शेकडो. लांबच लांब. एका बाईने दोन शब्दांत विचारलं होतं, हिने पाऊण पान लिहिलंय.

एकीने विचारलं होतं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनची भीती वाटते, दिसायचं बंद झालं तर? हिचं उत्तर: "काकू, भीती वाटते हे सांगितलंत हेच बरं केलंत. माझी आई टेलिफोनच्या चौकशीत होती. ती कधीच कोणाला नाही म्हणायची नाही. सापडलं नाही तर म्हणायची, दुसऱ्या कुठल्या नावाने आहे का बघू. मी पण तेच करते. एका डॉक्टरने भीती घातली असेल तर दुसऱ्याला विचारू."

मी. तिथे मी आहे.

मला वाटायचं, मी घरी आल्यावर तोंड मिटून बसायचे, तर तिला आपली नोकरी काय कळली असेल.

२७ सप्टेंबर

तिथे ती मेलेलीच नाही. हे कालपासून शंभरदा म्हणून झालं.

२८ सप्टेंबर, रविवार

आज मात्र संताप आला. किती दिवसांनी! बरं वाटलं म्हटलं तरी चालेल.

चुकीची नोंद म्हणजे आमच्याकडे पापच. त्याच दिवशी गुलाबी चिठ्ठी भरायची, दुरुस्ती वर जायची. आणि इथे वर्षभर तिचं नाव चुकीचं! प्रत्येक पेपरात चुकीचं! आता दगडात चुकीचं कोरणार! कोणी दिलं हे नाव? इस्त्री चालली होती, तिथेच जाऊन उभी राहिले. म्हटलं, तुम्हाला बायकोचं नाव माहीत नव्हतं?

त्यांनी इस्त्री उभी ठेवली. बंद केली. मग बोलले. मध्ये मध्ये थांबत, पण बोलले.

"हॉस्पिटलच्या कारकुनाने माझं नाव विचारलं आणि तिच्या नावापुढे माझं आडनाव लिहून टाकलं. मी कुठे शुद्धीत होतो. दुसऱ्या दिवशी यादीत बघितलं तेव्हा कळलं. मृत्यूच्या दाखल्यावरचं नंतर कचेरीत जाऊन बदललं, ते तिथेच फाइलीत असतं. पेपरांनाही कळवणार होतो. पत्र लिहिलं होतं, आई. मग जेवणाच्या सुट्टीत सहज तिचं नाव शोधलं. तिचं, खरं." थांबले. "तिथे काहीच झालेलं नव्हतं."

मी शर्ट बाजूला करून बसले.

"रोज बघतो. डबा उघडून ठेवतो आणि दहा मिनिटं बघतो. ती शर्यत. मोतीबिंदूचं. ते अभिप्राय. फलकावर तिचं खरं नाव आलं की पेपरात येणार, फोटो येणार. मग सगळं एकमेकांना चिकटेल. तिचं नाव टाकलं की सगळ्यात वर लाँच. बाकीचं कुठेतरी खाली, कोण जातंय तिथवर."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही बोलत नव्हतात," म्हणाले. "आणि मलाही सुरुवात कुठून करायची कळेना." मग म्हणाले, "फॉर्म तुमच्याकडे आहे. आई तुम्ही आहात. तुम्ही लिहाल ते."

लाकूड म्हटलं होतं मी यांना. याच वहीत, तीन आठवड्यांपूर्वी.

२९ सप्टेंबर

फॉर्म पेन्सिलीने भरला. तिचं खरं नाव. दिसायला किती छान दिसतं. फोटो – शर्यतीतला.

दोन ओळीही जमल्या:

गप्पा फार मारायची.
चष्मा मात्र बरोबर द्यायची.

जावयांना दाखवल्या. त्यांनी मान हलवली. फॉर्मवरच्या नावाकडे बघितलं. कामाला गेले. डबा विसरले, तो मी गोदामाच्या फाटकापर्यंत नेऊन दिला. फाटकावर म्हणाले, "आई, गुडघ्याला कशाला त्रास." म्हटलं, त्रास कसला, रोज आणेन. म्हणजे मी जात नाही. आम्हा दोघांनाही ते तिथेच कळलं असावं.

दुसरा कोरा फॉर्म वाचनालयातून घेऊन आले, समितीने तिथेही ठेवलेत.

३० सप्टेंबर

फॉर्म देऊन आले. समितीच्या कारकुनाने नाव मोठ्याने दोनदा वाचून दाखवलं. "बरोबर आहे ना, आजी? एकदा कोरलं की दुरुस्ती नाही." म्हटलं, बरोबर आहे.

१९ ऑक्टोबर

धक्क्यावर गर्दी. फलक काळा, अक्षरं मोठी, तिला आवडली असती. सहा नावांखाली फोटो आणि दोन दोन ओळी. सातवं नाव पेपरांत होतं तसंच, त्याखाली काही नाही. आमच्या दोन ओळी या वहीत आहेत, तिचं खरं नाव लिहिलेला पेन्सिलीचा फॉर्मही इथेच, घडी घालून.

एक पत्रकार मुलगी फोन पुढे करून माझ्याकडे आली. "आजी, सातव्यांचं कोणीच भेटत नाहीये. फोटोही नाही. तुमच्या कोणी होत्या का त्या?"

मी सातवं नाव वाचलं. नीट, आधी आडनाव, मग नाव, बोट धरून. म्हटलं, "या नावाने आमच्याकडे नोंद नाही."

आणि रडू फुटलं. सगळ्यांसमोर, मोठ्याने, थांबवता थांबेना.

ती गोंधळून म्हणाली, "मग आजी, तुम्ही रडताय का?"

जावयांनी माझा हात धरला आणि आम्ही घरी आलो.